एलपीवरचं गाणं २४ बिट फाइलमध्ये उतरवताना: सुईपासून फ्लॅकपर्यंत

प्लेयर जोडला, बटण दाबलं, वीस मिनिटांनी फाइल तयार, असं हे काम वरवर दिसतं. पण घरी केलेल्या अशा फाइलींमध्ये तेच ते दोष पुन्हा पुन्हा ऐकू येतात: तंबोऱ्याखाली बसलेली वीजेची घरघर, ‘स’ आणि ‘श’ उच्चारताना फाटणारा आवाज, द्रुत सुरू होताच वरून कापली गेलेली पातळी, आणि सफाईच्या नावाखाली खरवडून काढलेली जवारी. पहिले तीन दोष फाइल झाल्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाहीत. त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग बटण दाबण्याआधीच्या कामाबद्दल आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरण म्हणून शास्त्रीय गायनाची ३३⅓ फेऱ्यांची एलपी धरली आहे. तंबोरा सतत वाजत असतो आणि त्याचा स्वर अखंड असतो, त्यामुळे वेग, घरघर, अति सफाई, सगळं त्यात आधी उघडं पडतं. तुमच्याकडे नाट्यपदं, अभंग किंवा भावगीतं असतील तरी कृती हीच. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी शेवटी वेगळं दिलं आहे. त्यांना एलपीची कृती जशीच्या तशी लावू नका.

१. साखळी ठरवा

क्रम असा: टर्नटेबल, फोनो प्रीअँप, ऑडिओ इंटरफेसची (आवाजाचे आकडे करून ते संगणकाला देणाऱ्या उपकरणाची) लाइन इनपुट, संगणक.

एलपी कापताना खर्जाचे स्वर दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात. फोनो प्रीअँप हे उलटं करून मूळ तोल परत आणतो (याला ‘आरआयएए’ वक्र म्हणतात) आणि कार्ट्रिजमधून (सुईच्या कंपाची वीज करणाऱ्या डबीतून) येणारे ३ ते ५ मिलिव्होल्ट लाइनच्या पातळीपर्यंत वाढवतो. इथे दोन चुका होतात. प्रीअँप वगळून थेट माइकच्या इनपुटला जोडलं, तर आवाज पातळ आणि चिरका येतो. टर्नटेबलमधला प्रीअँप चालू ठेवून बाहेरचाही जोडला, तर खर्ज घुमतो आणि सगळं फाटतं. टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण असेल तर बाहेरचा प्रीअँप वापरताना ते ‘फोनो’वर हवं, नसेल वापरायचा तर ‘लाइन’वर.

जुन्या पेटीवजा प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, त्याला फोनो प्रीअँप लागतच नाही. त्या प्लेयरच्या सुईचं वजनही (म्हणजे खाचेवर पडणारा तिचा भार) जास्त असतं, म्हणून चांगल्या स्थितीतली एलपी त्यावर लावू नये हे बरं.

यूएसबी टर्नटेबल वापरत असाल तर त्याची माहितीपत्रिका बघा. त्यातल्या अनेकांमधलं रूपांतर १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही (बिट म्हणजे आवाजाच्या प्रत्येक मोजणीची बारकाई, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार मोजण्या). अशा प्लेयरवरून ९६ किलोहर्ट्झची फाइल बनते, पण ती नावालाच ९६ ची असते. त्याच प्लेयरच्या आरसीए सॉकेटमधून वायर काढून वेगळ्या इंटरफेसला द्या. आरसीए ते ६.३५ मिमी मोनो जॅक अशा दोन वायर लागतील. इंटरफेसवरचं बटण ‘लाइन’वर ठेवा, ‘इन्स्ट्रुमेंट’वर नाही, आणि ४८ व्होल्टचं (माइकला वीज देणारं) बटण बंद ठेवा.

किती बिट, किती किलोहर्ट्झ? २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. एलपीची स्वतःची गतिकक्षा (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर) ६०–७० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे १६ बिटमध्येही ती मावते. २४ बिटचा खरा फायदा असा की पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. ९६ किलोहर्ट्झचा मुख्य फायदा क्लिक काढताना होतो: या दराने ओरखड्याचा टोकदार आकार जसाच्या तसा पकडला जातो आणि तो संगीतापासून वेगळा ओळखता येतो. १९२ ने फाइल दुप्पट होते, ऐकायला काही वाढत नाही.

जागेचा हिशेब: ९६/२४ स्टिरिओला मिनिटाला साधारण ३५ एमबी, २२ मिनिटांच्या एका बाजूला ७६० एमबी. ऑडॅसिटी (आपण वापरणार ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं आणि प्रत्येक बदलाची मागची प्रत ठेवतं, म्हणून एका एलपीसाठी १० जीबी मोकळी जागा असू द्या.

२. रेकॉर्ड धुवा

कोरडी पुसून भागत नाही. बुरशी, बोटांचं तेल आणि धूळ खाचेच्या तळाशी बसलेली असते आणि सुई ती आणखी दाबते. कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या रेकॉर्डवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. अशी रेकॉर्ड बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा आणि तिचं आतलं कागदी पाकीट टाकून द्या. धुतलेली रेकॉर्ड जुन्याच पाकिटात गेली तर केलेली मेहनत वाया जाते.

लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या फिल्मसाठी मिळणाऱ्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब टाका. भांडी घासायचं द्रव नको, त्यातला सुगंध आणि रंग खाचेत राहतो. बोअरवेलचं पाणी तर अजिबात नको. वाळल्यावर क्षार मागे राहतात आणि त्यांची एकसारखी बारीक तडतड ऐकू येते.

रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलवर आडवी ठेवा. मऊ ब्रश ओला करून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवा. आतून बाहेर आडवा ओढू नका. लेबल कोरडं ठेवा, ओलं झालं तर शाई पसरते. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळखळा, मायक्रोफायबर कापडाने टिपा आणि ताटांच्या रॅकमध्ये उभी करून सावलीत तीन-चार तास वाळवा. उन्हात ठेवली तर वाकते. सुरू पंख्याखाली ठेवली तर ओल्या खाचांत पुन्हा धूळ बसते.

*सावध: ओली रेकॉर्ड वाजवू नका. पाण्यात मिसळलेला मळ सुईबरोबर खाचेत दाबला जातो, आणि पुढे कोरडी वाजवताना आवाज आधीपेक्षा वाईट येतो.*

३. सुई, वजन, कोन

सुई बनावटीप्रमाणे ३०० ते १००० तास चालते. किती वाजली याचा हिशेब नसेल तर नवीन घ्या. झिजलेली सुई आवाज बिघडवते आणि खाचही कायमची खरवडते.

सुईचं वजन अंगठ्याच्या अंदाजाने ठेवू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि सुई रेकॉर्डच्याच उंचीवर असताना मोजा. लोखंडी तबकाचे काटे टाळा, कार्ट्रिजचं चुंबक त्यांना ओढून चुकीचा आकडा दाखवतं. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई साठी १.८ ते २.२ ग्रॅम, म्हणजे २.०. ऑर्टोफॉन २एम रेडसाठी १.६ ते २.०, म्हणजे १.८. हलकं ठेवलं तर रेकॉर्डला जपलं असं अनेकांना वाटतं. घडतं उलट: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. मधल्या आकड्याच्या खाली जाऊ नका. अँटीस्केट (सुईची केंद्राकडची ओढ तोलणारी सोय) वजनाच्या आकड्याएवढं लावून सुरुवात करा.

कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील आकृतीवर) लावा. प्रचलित मांडणीत केंद्रापासून ६६.० मिमी आणि १२०.९ मिमी या दोन ठिकाणी कार्ट्रिज खाचेला समांतर यायला हवं. प्रोट्रॅक्टर घरी छापणार असाल तर छापल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर ‘पानात मावेल असं’ करून दोन-तीन टक्के आकसतो आणि सगळा कोन चुकतो.

*तपासा: बाजूचं शेवटचं गाणं वाजवा, सर्वांत आतल्या खाचा. ‘स’ आणि ‘श’ करकरीत येत असतील तर कोन, वजन, सुई यांपैकी एक चुकलं आहे. बाहेरच्या खाचेत सगळं ठीक वाटलं म्हणून पुढे जाऊ नका.*

४. वेग आणि मध्य

वेग तपासायला स्ट्रोबची चकती वापरतात: वेग बरोबर असेल तर दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. ही चकती इंटरनेटवरून छापून घेतात आणि तिथेच फसतात. आपली वीज ५० हर्ट्झची. ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा हव्यात. अमेरिकेची चकती २१६ रेघांची असते, ती ६० हर्ट्झसाठी. आपल्या दिव्याखाली ती स्थिर दिसली तर प्लेयर २७.८ फेऱ्यांनी फिरतोय असा अर्थ होतो. शिवाय बऱ्याच एलईडी दिव्यांचा प्रकाश वीजेबरोबर लुकलुकत नाही, तिथे चकती काहीच सांगत नाही. निऑनचा छोटा इंडिकेटर दिवा वापरा.

अमेरिकेहून आणलेल्या प्लेयरबाबत हेच आणखी मोठ्या प्रमाणात घडतं. एसी सिंक्रोनस मोटर असेल तर तिचा वेग वीजेच्या हर्ट्झवर ठरतो. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ ५०च राहतात, आणि काळी एकमधला गायक तीन स्वरस्थानं उतरून काळी पाचमध्ये गायल्यासारखा वाटतो. इथला प्लेयर तिकडे नेला तर तितकाच चढतो. डीसी मोटरच्या प्लेयरला हा त्रास नाही.

वेग १ टक्क्याने चुकला की स्वर १७ सेंट सरकतो (शंभर सेंट म्हणजे एक स्वरस्थान). पेटी लावून पट्टी तपासण्याचा मोह होतो, पण जुन्या ध्वनिमुद्रणातली वाद्यं आजच्या ४४० हर्ट्झवर मिळवलेली असतीलच असं नाही. स्ट्रोबवर विश्वास ठेवा.

आता तंबोऱ्याकडे कान द्या. षड्ज दर १.८ सेकंदांनी एकदा हेलकावे घेत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. भोक खुंटीपेक्षा किंचित मोठं असतं. सुई खाचेत ठेवून भुजा (कार्ट्रिज धरणारा दांडा) बाजूला डोलते का ते बघा, मग सुई उचला, रेकॉर्ड केसभर सरकवा, पुन्हा बघा. तीन-चार प्रयत्नांत पुष्कळ फरक पडतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये हा हेलकावा काढणं फार किचकट आहे.

५. घरघर शोधून काढा

घरघर असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर असते, नेमकी खर्जाच्या तारेच्या आसपास. म्हणून नंतर फिल्टरने काढली की तंबोराही कापला जातो.

टर्नटेबलची अर्थिंगची वायर फोनो प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट लावा. प्रीअँपचा अडॅप्टर टर्नटेबलपासून लांब ठेवा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. एवढ्यानेच बऱ्याचदा घरघर जाते. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर असेल तर काम थांबवा. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सगळ्या साखळीत झणझणाट भरतो. छताचा पंखा बंद, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

*तपासा: सुई वर उचललेली, मोटर बंद, तीस सेकंद रेकॉर्ड करा. मग मोटर चालू करून पुन्हा तीस सेकंद. दोन्ही −६० डेसिबलच्या खाली हवेत (० म्हणजे फाइलमध्ये मावणारी कमाल पातळी). मोटर चालू झाल्यावर पातळी उडी मारत असेल तर दोष मोटरच्या किंवा तिच्या अडॅप्टरच्या बाजूला आहे.*

६. संगणक

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीतून तुमचा इंटरफेस निवडा, त्याचा साचा ‘२ चॅनल, २४ बिट, ९६००० हर्ट्झ’ करा आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. मॅकवर हेच ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये. ऑडॅसिटीत होस्ट ‘वासापी’ (WASAPI, हे विंडोजवर), प्रोजेक्टचा दर ९६०००, नमुना ३२ बिट फ्लोट. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ (रेकॉर्ड होतानाच आवाज परत ऐकवणं) बंद.

ऑडॅसिटीत ९६००० लिहिलं पण विंडोजमध्ये ४८००० राहिलं, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, मधल्या मधे दर बदलून मिळतो.

*तपासा: अर्धं मिनिट एलपी रेकॉर्ड करून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ बघा. खाचेची खरखर वरच्या बाजूला हळूहळू उतरत जायला हवी. २२ किंवा २४ किलोहर्ट्झला कडा तुटल्यासारखी सरळ खाली पडत असेल तर साखळीत कुठेतरी ९६ नाही. मग डाव्या बाजूची पांढरी वायर क्षणभर काढा: वरचा ट्रॅक शांत झाला पाहिजे.*

७. पातळी बाजूच्या शेवटावरून ठरवा

बहुतेक जण सुरुवातीची आलापी लावून पातळी ठरवतात. विलंबित ख्यालात पहिली पाच मिनिटं −२५ च्या आसपास रेंगाळतात, हात आपोआप नॉब वर नेतो, आणि पंधरा मिनिटांनी द्रुतमधल्या तानेला, तबल्याच्या तिहाईला लाल दिवा लागतो. तोवर सगळी बाजू पुन्हा घ्यायची वेळ आलेली असते.

आधी बाजूच्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत सुई टेकवा. तिथला सर्वांत मोठा आवाज −९ ते −६ डेसिबलवर येईल असा नॉब ठेवा आणि मग त्याला हात लावू नका, दुसऱ्या बाजूलाही नाही. एखादा मोठा ओरखडा त्या पलीकडे गेला तर चालेल, गाणं जाऊ नये.

८. रेकॉर्ड करा

स्पीकर बंद. स्पीकरचा कंप टर्नटेबलमधून सुईत परत येतो आणि खर्ज गढूळ होतो. ऐकायचं ते हेडफोनवर. सुई ब्रशने मागून पुढे, भुजेच्या दिशेने साफ करा, कार्बन फायबरच्या ब्रशने रेकॉर्डवरची धूळ उचला. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात पाकिटातून काढताच रेकॉर्डवर स्थिर वीज तयार होते आणि टपटप आवाज येतात. तिथे रेकॉर्ड बाहेर काढून पाच मिनिटं प्लेयरवर तशीच राहू द्या.

बटण आधी दाबा, मग सुई टेका. गाणं सुरू होण्याआधीची कोरी खाच पूर्ण घ्या, शेवटचीही घ्या. पूर्ण बाजू एका दमात. त्या वीस मिनिटांत संगणकाला वायफाय नको आणि खोलीत कोणाची पावलं नकोत.

झालेली फाइल २४ बिट वेव्हमध्ये बाहेर काढा, ‘फक्त वाचन’ करा आणि तिच्यावर कधीही काम करू नका. सफाई प्रतीवर.

९. सफाई, आणि कुठे थांबायचं

क्रम: क्लिक, मग २० हर्ट्झखालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर, मग लागलाच तर खरखरीला हात, शेवटी पातळी. क्लिक आधी काढायचे कारण इतर कोणताही फिल्टर त्यांचं टोक पसरवतो आणि मग ते ओळखू येत नाहीत.

‘क्लिक रिमूव्हल’मध्ये ऑडॅसिटीचा नेहमीचा उंबरठा २०० आणि रुंदी २० असते. आकडा जितका कमी तितकी पकड कडक. तबल्याची चाट, टाळांचा ठोका आणि लेझीम यांना हे साधन सहज क्लिक समजतं. पूर्ण बाजूवर लावण्याआधी तबला ठळक असलेल्या दहा सेकंदांवर करून ऐका; चाटीची धार बोथट झाली तर उंबरठा वाढवा.

उरलेले मोठे ओरखडे हाताने काढा. लहर खूप मोठी करून बघा. ओरखडा म्हणजे सरळ उभा काटा: दहा-वीस नमुन्यांत (लहरीवरच्या सुट्या ठिपक्यांत, म्हणजे मोजण्यांत) वर जातो, खाली येतो, मागे काही उरत नाही. चाटीचा ठोकाही तितकाच ताठ उठतो, पण त्याच्यामागे शेपटी असते, हळूहळू लहान होत जाणारी कंपनं. शेपटी दिसली तर हात लावू नका. काटा असेल तर तेवढाच निवडून ‘रिपेअर’ करा. ते एका वेळी १२८ नमुने घेतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झला १.३ मिलिसेकंद. आडव्या-उभ्या ओरखड्यांच्या अनेक ठिकाणांना हे पुरतं.

आता सर्वांत जास्त नुकसान होतं ती जागा. ‘नॉइज रिडक्शन’ला खरखरीचा नमुना द्यावा लागतो, आणि गाणं सुरू होण्याआधीचा भाग म्हणून लोक तंबोऱ्याची पहिली वर्तुळं निवडतात. सॉफ्टवेअर मग इमानेइतबारे तंबोराच पूर्ण बाजूतून पुसून काढतं. नमुना तंबोरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतूनच घ्या, म्हणूनच ती रेकॉर्ड करायला सांगितली. कमी करायचं प्रमाण ६ डेसिबलपेक्षा जास्त नको. आणि लावण्याआधी ‘रेसिड्यू’ निवडून जे काढलं जाणार आहे ते ऐका: फक्त खरखर असेल तर ठीक. त्यात जवारीचा झणत्कार, श्वास किंवा स्वराची कड ऐकू आली तर रद्द करा. चांगल्या धुतलेल्या एलपीला या साधनाची गरजच नसते, आणि थोडी खरखर ठेवलेली फाइल पाण्याखालून आल्यासारख्या गाण्यापेक्षा कैक पटींनी बरी.

मोनो एलपी स्टिरिओ सुईने घेतली असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करा. खाचेतला उभा कंप त्यात एकमेकांना छेद देतो आणि बरीच खरखर जाते. पण आधी दोन्ही वेगवेगळे ऐका. एक भिंत झिजलेली असेल तर चांगला चॅनल तेवढा ठेवा.

शेवटी नॉर्मलाइज (सर्वांत मोठा आवाज ठरावीक पातळीला आणणं) −१ डेसिबल, दोन्ही बाजूंवर मिळून एकदाच. प्रत्येक गाण्यावर वेगळं केलं तर मंद आलापी आणि तराणा एकाच मोठेपणाचे होतात. ‘स्टिरिओ चॅनल स्वतंत्रपणे’ची खूण काढलेली असू द्या. कॉम्प्रेसर (हळू-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन) नाही.

१०. तुकडे, नावं, जतन

गाण्यांच्या मधल्या जागी ऑडॅसिटीत लेबल (खूण) टाका आणि लेबलांप्रमाणे अनेक फाइली बाहेर काढा. विलंबित आणि द्रुत अखंड असतील तर तोडू नका. शेवटची तंबोऱ्याची झुळूक विरेपर्यंत थांबून मग अर्ध्या सेकंदाचा फेड द्या.

मूळ प्रत २४ बिट फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता दाबलेली फाइल). फ्लॅकमधला दाबण्याचा आकडा कोणताही घ्या, आवाजाला काही होत नाही. मोबाइलसाठी एमपीथ्री हवी तर ती फ्लॅकवरून करा, १६ बिटची प्रत करताना डिदर (बिट घटवल्याचा दोष झाकणारी अगदी हलकी खरखर) चालू ठेवा. टॅगमध्ये राग, ताल, साथीदार, लेबलवरचा क्रमांक आणि शेवटच्या कोऱ्या खाचेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या साच्याचा क्रमांक) देवनागरीत भरा. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत साधं ठेवा, गाडीतले काही प्लेयर देवनागरी नाव दाखवत नाहीत. दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या घरी.

स्वतःच्या ऐकण्यापुरतं ठीक. नेटवर टाकायचं असेल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो आणि कवी-संगीतकाराचा हक्क वेगळा मोजला जातो, हे आधी तपासा.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या

या लाखेच्या. सुतार जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो तोच. म्हणून स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागलं की खाचा विरघळतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंट, पटकन धुऊन लगेच टिपायचं, भिजत ठेवायचं नाही.

एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची. ७८ ची खाच रुंद असल्याने ती तळाशी लोळते आणि फक्त मळ वाचते. साधारण ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी अशी आहे, तिचं वजन ५ ग्रॅम. ५० हर्ट्झच्या स्ट्रोबवर ७८ साठी ७७ रेघा.

प्लेयरला ७८ चा वेग नाही म्हणून ३३⅓ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये २.३४ पट करतात. तसं करू नका: प्रीअँपचा वक्र हळू वेगात भलत्याच स्वरांवर लागतो आणि खर्ज-तारेचा तोल जातो. वेग असलेला प्लेयर मिळवा. जुन्या ७८ वर आरआयएए वक्र लागूही होत नाही. १९५० च्या आधीच्या एचएमव्ही तबकड्यांसाठी खर्जाचा बदलबिंदू (ज्याच्या खाली खर्ज दाबलेला असतो ती जागा) २५० ते ३०० हर्ट्झ आणि वरचा भाग सपाट धरून ‘फिल्टर कर्व्ह’मध्ये दुरुस्ती करा, क्लिक काढल्यानंतर. पद तीन-साडेतीन मिनिटांत संपतं, त्यामुळे एकाच तबकडीला दोन वेगळ्या जाडीच्या सुया लावून दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघायला वेळ लागत नाही. झिजलेल्या खाचेत जाड सुई वर, न झिजलेल्या भागावर बसते, आणि स्वर अचानक मोकळा होतो.